रायझन ५ ५६००एक्स: पहिल्यांदाच ओव्हरक्लॉक करून पाहिल्यावर

आधी निकाल सांगते, कारणं मागून. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जोरात पळवणं, शिकायला एएमडीचा रायझन ५ ५६००एक्स उत्तम प्रोसेसर आहे. त्यातून भरघोस वेग काढायचा असेल तर मात्र साधारण. ज्यांनी बायोसमधल्या (मशीन सुरू करणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममधल्या) व्होल्टेजच्या पानाला कधी हात लावला नाही, त्यांनी या प्रोसेसरवर बिनधास्त लावावा. फक्त सगळे कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) एकाच आकड्यावर ठोकून बसवायचे, हा जुना बेत मनातून काढून टाकावा.

माझं काम आवाजाचं आहे. श्राव्य पुस्तकं आणि मुलाखती यांची ध्वनिमुद्रणं साफ करायची, कापायची, जोडायची. या कामात एका ट्रॅकवर ओळीने लावलेले प्लगइन (आवाजावर प्रक्रिया करणारे छोटे प्रोग्रॅम) बहुधा एकाच कोअरवर चालतात, म्हणून मला एका कोअरचा वेग हवा असतो. आणि मायक्रोफोन त्याच खोलीत असल्यामुळे पंख्याची घरघर अजिबात नको असते. गेम मी खेळत नाही. फ्रेम मोजणाऱ्यांनी हा अभिप्राय त्या बेताने वाचावा.

प्रोसेसर नोव्हेंबर २०२० मधला, झेन ३ पिढीचा. ६ कोअर, १२ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं), ३२ एमबी एल३ कॅश (आतली जलद मेमरी), मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ, बूस्ट, म्हणजे कंपनीने सांगितलेला कमाल वेग, ४.६. खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असतं, पण सॉकेटमधून तो प्रत्यक्षात ७६ वॅटपर्यंत ओढतो; ६५ हा आकडा कूलर निवडण्यापुरता. गुणक, म्हणजे मल्टिप्लायर (१०० मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याला ज्याने गुणून वेग ठरतो तो आकडा), खुला आहे. मदरबोर्ड मात्र बघून घ्यावा लागतो: बी५५० आणि एक्स५७० चिपसेटवर ओव्हरक्लॉकिंग चालतं, ए५२० वर नाही.

ओव्हरक्लॉकिंग म्हटलं की जुनी मंडळी इंटेलच्या १९९८ च्या सेलेरॉन ३००ए चं नाव काढतात. बसचा (प्रोसेसरला मदरबोर्डशी जोडणाऱ्या वाटेचा) वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेला की ३०० मेगाहर्ट्झचा तो प्रोसेसर ४५० वर धावायचा. पन्नास टक्के, तेही फुकट! तसं काही इथे मिळणार नाही, आणि त्याचं कारण हा प्रोसेसर स्वतःच आहे. तापमान किती, करंट किती, व्होल्टेज किती हे तो सेकंदाच्या हजाराव्या भागागणिक तपासतो आणि २५-२५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी वेग वरखाली करतो. पूर्वी आपण जे हाताने करायचो ते कारखान्यातून निघतानाच त्याला शिकवलेलं आहे. आपल्यासाठी ताटात उरतं ते थोडंसंच, पण ते काढून घ्यायला डोकं लागतं. मला त्यातच जास्त रस वाटला.

हात लावण्याआधी सगळं मोजून ठेवा, एवढं एक आवर्जून सांगते. मी सिनेबेंच आर२३ (चित्र रेंडर करायला लावून प्रोसेसरला गुण देणारी चाचणी) चा दहा मिनिटांचा फेरा वापरला आणि शेजारी वेग, तापमान, व्होल्टेज दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवलं. खोलीत साधारण २८ अंश, डोक्यावर एका पंख्याचा टॉवर कूलर. सगळ्या कोअरवर भार असताना वेग ४.४ गिगाहर्ट्झच्या आसपास, गुण ११,१०० च्या घरात, तापमान ६८. एकाच कोअरवर भार दिला की वेग ४.६५ पर्यंत जायचा आणि गुण १,५९० च्या आसपास. खोक्यावरच्या ४.६ पेक्षा तो ५० मेगाहर्ट्झ जास्तच देतो, हे मला आवडलं.

मोजमाप करताना नवख्या माणसाच्या काळजात धस्स होईल अशी एक गोष्ट दिसते. मशीन नुसतं बसलेलं आहे, एखादं पान उघडलंय, आणि व्होल्टेजच्या रकान्यात १.४५. कधी त्याच्याही वर. घाबरू नका. एखाद्या कोअरला क्षणभर उंच उडी मारायला तेवढं व्होल्टेज लागतं आणि त्या वेळी करंट नगण्य असतो. सगळ्या कोअरवर भार आला की हाच आकडा १.२ च्या आसपास उतरतो. उलट, प्रोसेसर आपणहून १.४५ घेतो म्हणून बायोसमध्ये तोच आकडा कायमचा टाकून पूर्ण भार देणं, हा चिप खराब करण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

सोबत येणारा रेथ स्टेल्थ कूलर ठोकळ्यासारखा बुटका आहे. प्रोसेसर जसा आहे तसा वापरायचा असेल तर तो काम भागवतो. या उद्योगासाठी उंच टॉवर कूलर घ्यावा. आणि जुना कूलर काढताना मशीन थोडा वेळ चालवून गरम करा, मग आधी हळूच डावी-उजवीकडे फिरवा आणि मगच उचला. एएम४ (या प्रोसेसरचं सॉकेट) प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरच्याच पोटाला असतात. थंड थर्मल पेस्टला चिकटून तो सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. ओव्हरक्लॉकिंगने मेलेल्या प्रोसेसरांपेक्षा असे उपटलेले जास्त निघतील, असा माझा आपला अंदाज.

सुरुवात मी जुन्या पद्धतीनेच केली, कारण ती करून पाहिल्याशिवाय ती का सोडायची हे पटत नाही. गुणक ४६, व्होल्टेज १.३, सगळे कोअर ४.६ गिगाहर्ट्झवर. मशीन चालू झालं, सिनेबेंच पार पडलं, गुण ११,६०० च्या जवळ. अंगावर मूठभर मांस चढलं! मग एका कोअरची चाचणी घेतली तर गुण १,५७५. म्हणजे होते त्याहून कमी. साहजिकच आहे: स्वतःच्या मर्जीने ४.६५ वर जाणाऱ्या कोअरला मी ४.६ च्या दावणीला बांधलं होतं. वर तापमान ८० अंशांवर, वीज शंभर वॅटच्या आसपास, आणि पंखा असा की ध्वनिमुद्रणाचं नावच नको. कष्ट थोडे, पण माझ्या कामासाठी सरळसरळ तोटा. दिवसभर सगळे कोअर पेटवून त्रिमितीय चित्रं रेंडर करणाऱ्यांना कदाचित परवडेल.

खरी गंमत पीबीओपासून सुरू होते. प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह हे त्याचं पूर्ण नाव. यात वेगाचा आकडा आपण ठरवत नाही. प्रोसेसरला घातलेल्या मर्यादा बदलतो. मर्यादा तीन: पीपीटी म्हणजे एकूण वीज, टीडीसी म्हणजे सलग घेता येणारा करंट, ईडीसी म्हणजे क्षणभर घेता येणारा करंट. ५६००एक्सचे मूळ आकडे ७६ वॅट, ६० अँपिअर आणि ९० अँपिअर. बहुतेक मदरबोर्डांवर या तिन्ही मर्यादा एका झटक्यात उघड्या टाकण्याचा पर्याय असतो. तो टाकला की प्रोसेसर खातो खूप आणि बदल्यात देतो थोडं. मर्यादा उघडायच्या तर उघडा, पण एकट्या पीबीओच्या भरवशावर राहू नका.

त्याच्या जोडीला असतो कर्व्ह ऑप्टिमायझर. माझ्या लेखी या प्रोसेसरची सगळ्यात चांगली गोष्ट हीच. कोणत्या वेगाला किती व्होल्टेज द्यायचं याचा एक आलेख प्रत्येक चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला असतो. शिंपी जशी शिवणीच्या आत माया सोडतो, तसं त्या आलेखात थोडं जास्तीचं व्होल्टेज ठेवलेलं असतं, म्हणजे उन्हाळ्यात, स्वस्त मदरबोर्डवर, काही वर्षं वापरल्यावरही चिप अडखळू नये. कर्व्ह ऑप्टिमायझर ही माया कोअरनिहाय कमी करू देतो. उणे ३० ते अधिक ३० असे आकडे असतात आणि एक पायरी म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे २० दिलं तर त्याच वेगाला सत्तर-ऐंशी मिलिव्होल्ट कमी लागतात. विजेचा खर्च व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे एवढ्याशा कपातीनेही बरीच वीज वाचते आणि प्रोसेसर ती वाचलेली वीज लगेच वेगात घालतो. व्होल्टेज कमी केल्यावर वेग वाढतो, हे ऐकायला उफराटं वाटतं. पण मी फक्त सगळ्या कोअरना उणे १५ दिलं, बाकी काही न बदलता, आणि त्याच ७६ वॅटमध्ये गुण ११,३०० च्या पुढे गेले. तापमान तिथेच. पंखा तसाच.

इथवर अर्धा तास पुरे. पुढचं काम चिकाटीचं.

सगळ्या कोअरना सारखाच आकडा देणं म्हणजे सगळ्यात नाजूक कोअरच्या चालीने चालणं. म्हणून प्रत्येक कोअरला वेगळा आकडा शोधायचा. रायझन मास्टर या एएमडीच्या प्रोग्रॅममध्ये चांगल्या कोअरवर तारा आणि ठिपका दिसतो. मला वाटलं, चांगल्या कोअरचं व्होल्टेज जास्त कापता येईल. घडतं उलट. चांगला कोअर म्हणजे मुळातच कमी व्होल्टेजवर उंच जाणारा. त्याच्या आलेखात माया आधीच कमी. शिवाय एका कोअरचं काम आलं की विंडोज ते बहुधा याच दोघांकडे ढकलतं, म्हणजे सगळ्यात उंच उड्याही त्यांच्याच वाट्याला. माझ्याकडे तारेवाला कोअर उणे ८ च्या खाली गेला नाही, ठिपक्यावाला उणे १२ वर थांबला, आणि ज्यांना कोणी विचारत नाही असे बाकीचे चार उणे २० ते उणे २८ च्या दरम्यान निवांत बसले. हे आकडे उतरवून घेऊ नका. त्याच नावाच्या, त्याच दिवशी बनलेल्या दुसऱ्या चिपला ते झेपतील असं नाही.

चाचणीबद्दल सविस्तर सांगते, कारण नवखी माणसं इथेच फसतात. प्राइम९५ (प्रोसेसरला जड गणितं करायला लावणारी चाचणी) सगळ्या कोअरवर रात्रभर चालतं, सकाळी सगळं हिरवंगार. मग चहाच्या वेळी एखादी फाइल उघडावी आणि मशीनने गपकन काळं व्हावं, ना निळा स्क्रीन, ना संदेश, सरळ रीस्टार्ट. याचं कारण असं की सगळ्या कोअरवर भार असताना वेग ४.५ च्या आसपास असतो आणि तिथे व्होल्टेज पुरेसं असतं. काठावरची जागा वेगळीच आहे: मशीन रिकामं, एकच कोअर झोपेतून उठून ४.६ च्या पुढे उडी मारतो, तो क्षण. म्हणून चाचणी एकेका कोअरची घ्यायची. कोअरसायकलर नावाची फुकट स्क्रिप्ट नेमकं हेच करते: प्राइम९५ एका कोअरवर काही मिनिटं चालवते, मग पुढच्यावर जाते, आणि चूक झाली तर कोणत्या कोअरवर झाली ते लिहून ठेवते. ती रात्री लावून झोपायचं, सकाळी नोंद बघायची, ज्याने मान टाकली त्याला दोन-तीन पायऱ्या परत द्यायच्या. रीस्टार्ट झालंच तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘डब्ल्यूएचईए-लॉगर’ नावाची नोंद शोधा. तीत प्रोसेसरचा एपीआयसी आयडी (थ्रेडचा ओळख क्रमांक) असतो आणि त्यावरून अपराधी कोअरचा बऱ्यापैकी माग लागतो.

आणखी एक फसवणूक. व्होल्टेज अति कमी झालं की चिप दर वेळी बंद पडतेच असं नाही. कधीकधी ती ठोके लांबवून वेळ मारून नेते. पडद्यावर वेग ४.६५ दिसतो, प्रत्यक्षात काम कमी होतं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ हा वेगळा रकाना असतो. पूर्ण भारावर तो दाखवलेल्या वेगापासून फार मागे राहिला, किंवा आकडे कमी करूनही गुण वाढायचे थांबले, तर तुम्ही पलीकडे गेलात असं समजा. दिसणाऱ्या वेगापेक्षा गुणांवर विश्वास ठेवा.

बूस्टची कमाल मर्यादा पीबीओमध्ये २०० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवता येते. पूर्ण २०० दिल्यावर चांगले कोअर ४.८५ मागायला लागले, आणि तिथे टिकण्यासाठी त्यांना आधी काढून घेतलेलं सगळं व्होल्टेज परत द्यावं लागलं. १०० वर मी समाधानी आहे. एका कोअरचे गुण १,६२० च्या पुढे गेले, म्हणजे दोन टक्के. मर्यादा उघडून, ११० वॅट खाऊ घालून, सगळ्या कोअरचे गुण ११,९०० पर्यंतही नेऊन पाहिले. तापमान ८२. चिपची कमाल मर्यादा ९५ अंश आहे, म्हणजे धोका काही नव्हता. पण पंख्याने खोली डोक्यावर घेतली.

शेवटी मी केलं भलतंच. कर्व्ह ऑप्टिमायझरचे आकडे आणि १०० मेगाहर्ट्झची वाढ ठेवली, आणि पीपीटी ७६ वरून ६५ वॅटवर खाली आणली. एका कोअरला एवढी वीज कधीच लागत नाही, त्यामुळे त्याचा वाढलेला वेग शाबूत राहिला. सगळ्या कोअरचे गुण जिथून सुरुवात केली तिथेच, ११,१०० च्या घरात. पण तापमान ६१-६२, आणि पंख्याचा वेग इतका खाली आणता आला की मायक्रोफोनच्या मागच्या शांततेत तो आता वेगळा ऐकू येत नाही. तासाभराच्या मुलाखतीचं अंतिम ध्वनिमुद्रण काढताना काही सेकंद वाचतात, ते मी मोजतही नाही. आवाज कमी झाला त्यासाठी मात्र सगळी खटपट पुन्हा करेन.

जाता जाता मेमरीचं. तुमची डीडीआर४ ३६०० असेल आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा डीओसीपी (मेमरी तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू केलेलं नसेल, तर ते सगळ्यात आधी करा. ३६०० च्या मेमरीचा खरा ठोका १८०० मेगाहर्ट्झ असतो; आतल्या फॅब्रिकचा (प्रोसेसरचे भाग जोडणाऱ्या दुव्याचा) वेगही १८०० ठेवला की दोघं एका तालात चालतात. ५६००एक्स अधिकृतपणे ३२०० पर्यंतच मानतो, म्हणजे हेही ओव्हरक्लॉकिंगच. मेहनत एका क्लिकची.

तक्रारीही आहेत. पीबीओची सेटिंग माझ्या बायोसमध्ये दोन ठिकाणी आहेत: एक मदरबोर्ड बनवणाऱ्यांच्या रंगीत पानावर, दुसरी खोल ‘एएमडी ओव्हरक्लॉकिंग’ या मेनूत, जिथे शिरताना इशारा वाचून ‘मान्य’ म्हणावं लागतं. दोन्हीकडे वेगवेगळे आकडे असले तर कोणते चालतात याचा पत्ता मदरबोर्डच्या पुस्तिकेत नाही. मी रंगीत पानावरचं सगळं ‘ऑटो’ ठेवते आणि आतल्या मेनूतच बदल करते. दुसरी गोष्ट वॉरंटीची: पीबीओ एएमडीचंच, मेनू एएमडीचा, तरी त्यामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. त्या इशाऱ्यात ते लिहिलेलं असतं. वाचून मगच पुढे जा. आणि बायोस अपडेट केलं की सगळे आकडे पुसले जातात, जतन केलेलं प्रोफाइलही नव्या आवृत्तीत बऱ्याचदा उघडत नाही. आकडे वहीत लिहून ठेवा. मशीन चालूच झालं नाही तर मदरबोर्डवरचे सीमॉसचे (बायोसचे आकडे साठवणाऱ्या मेमरीचे) दोन खांब क्षणभर जोडा किंवा नाण्याएवढी बॅटरी काढून परत लावा, सगळं मूळपदावर येतं.

शिकण्यासाठी या प्रोसेसरला मी पैकीच्या पैकी गुण देईन. चूक झाली की रीस्टार्ट होतं, तापला की स्वतःच वेग उतरवतो, आणि व्होल्टेज कमी करण्याच्या वाटेने गेलात तर चिपला इजा व्हायची भीती जवळपास नाही. आधीपासून ५६००एक्स असेल तर हे सगळं जरूर करा. पण निव्वळ ओव्हरक्लॉकिंगसाठी नवा प्रोसेसर घेणार असाल, तर एप्रिल २०२२ मध्ये आलेला, मागे एक्स नसलेला रायझन ५ ५६०० आधी बघा. तेवढेच कोअर, तेवढीच कॅश, बूस्ट ४.४. त्यालाही हेच पीबीओ आणि हाच कर्व्ह ऑप्टिमायझर मिळतो, आणि सुरुवातच खालून असल्यामुळे वर चढायला जागा जास्त राहते.